दहाच्या जागी नुसत्या रेघा

अप्पा, म्हणजे माझे वडील, चेन्नईजवळ तांबरमच्या एका शाळेत गणित शिकवायचे. रोमन अंक हा त्यांचा आवडता धडा. ते सांगत, आधी माणसाने काठीवर खाचा पाडल्या. एका मेंढराला एक खाच. खाचा फार झाल्या की नजर चुकते, म्हणून पाचासाठी V आणि दहासाठी X अशा वेगळ्या खुणा आल्या. मोठ्या अंकाच्या डावीकडे लहान ठेवला की तो वजा करायचा, ही युक्ती मागाहून रुळली. म्हणजे IIII आधीचा, IV नंतरचा. "यात शून्य नाही, स्थानाला किंमत नाही. यात गुणाकार करून दाखवा, आजचा गृहपाठ माफ," असं म्हणून ते वर्गाला हसवत. आपले अंक अरबांमार्फत युरोपात गेले आणि तिथे टिकले, ते हिशेब सोपा झाला म्हणून.

गेल्या वर्षी भाजी घेऊन परतताना अप्पा आमच्याच रस्त्यावर घर शोधत राहिले. मी त्यांना अड्यारला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे वयामुळे आहे, वाढणार नाही, एवढंच मला ऐकायचं होतं.

बाई तरुण होत्या. कागदावर वर्तुळ काढून तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, यात घड्याळाचे आकडे भरा."

अप्पांनी रोमन अंक लिहायला घेतले. चाराच्या जागी IIII.

"इथे चुकलं, सार."

"तुम्ही वेळ मोबाइलवरच बघता वाटतं, अम्मा. जुन्या तबकड्यांवर चार असाच असतो."

असतोच. बाईंनी फोनवर शोधलं आणि हसून कबूल केलं. मी खुर्चीत सैलावले. असा माणूस आजारी कसा असेल?

नवाला त्यांनी VIIII लिहिलं. मी लगेच वकिली केली, जुन्या शिलालेखांत असंही सापडतं. बाईंनी नुसती मान हलवली. मग दहा आला, आणि अप्पा उभ्या रेघा ओढू लागले. एकीला लागून एक. रेघा वर्तुळाबाहेर गेल्या, कागद संपला, पेन्सिल टेबलावर चालत राहिली. यासाठी माझ्याकडे शिलालेख नव्हता.

"हे वाढत जाणार," बाई मला म्हणाल्या. "गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, इतकंच."

घरी मी हट्टाने सराव सुरू केला. ऑफिसला निघण्याआधी रोज एक कागद. पोंगलपर्यंत V सुद्धा गेला. माणूस ज्या पायऱ्या चढून वर आला, त्या अप्पा एकेक करून उतरत होते, आणि मी शेजारी बसून बघत होते.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या रेघांचे गट पाडायला गेले. पाचवी रेघ आधीच्या चारांवरून तिरकी ओढली. त्यांनी माझा हात झटकला.

"कशाला खोडतेस ग? एवढं नीट काढलंय मी."

"खोडलं नाही अप्पा. हे पाच झाले."

"कुठले पाच?" त्यांनी विचारलं आणि पुढची रेघ ओढली.

सराव मी बंद केला आहे. दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. निघताना फाटकाला बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली तिच्याकडे रस्त्यालगतच्या खिडकीतून देते. अप्पा आतून विचारतात, शाळा सुटली का. मी हो म्हणते.