सुमनअक्कांची जागा

समोरच्या माणसाचं मनगट धरूनच बोलायची सुमनअक्कांची सवय होती. तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती, त्यामुळे बोटं आपोआप नाडीवर जायची. भाजीवालीशी भाव करतानाही तिचा हात त्यांच्या हातात असायचा. माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली, धुळ्याच्या तरण तलावावर, बायकांच्या वेळेत. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. पन्नाशीला साखर वाढली आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून गेले होते. चार फूट पाण्यात कठडा घट्ट धरून उभी होते. एक काळीसावळी, रुंद खांद्यांची बाई पोहत जवळ आली आणि काही न विचारता तिने माझं मनगट धरलं.

"एकशे तीस," ती म्हणाली. "दमली नाही तू. घाबरली."

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. माहेर पिंपळनेरकडचं. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं आणि तिसऱ्या दिवशी डबा सोडून घेतला होता. मलाही त्यांनी जवळपास तसंच शिकवलं. शहरात त्या चांगलं पुस्तकी बोलायच्या, पण राग आला किंवा जीव लागला की अहिराणी सुटायची. मी मध्येच थांबले की पाण्यातून ओरडायच्या, "मरी गयी का? नही ना? मंग चाल!" मी कॉलेजात शिकवते हे कळल्यापासून मला त्या मास्तरीण म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही.

ट्रायथलॉनचं खूळ त्यांनी दवाखान्यातून आणलं. त्यांच्या वॉर्डातला एक तरुण डॉक्टर अशी शर्यत करून पदक घेऊन आला होता. "तो पोहला, सायकल चालवली, पळाला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली," अक्का म्हणाल्या. "मी तेवढं करून ड्युटीवर येईन." आल्याही. पहिल्या छोट्या शर्यतीनंतर सोमवारी सकाळी त्या वॉर्डात हजर होत्या. मीही त्यांच्यामागून त्यात पडले. का, ते नीट सांगता येणार नाही. मुलगा नोकरीसाठी लांब गेला होता, घर रिकामं होतं. पहाटे फाटकाशी अक्कांच्या सायकलची घंटी वाजली की मला उठायला कारण मिळायचं.

तीन वर्षं आम्ही एकत्र सराव केला. उजाडताना लळिंगचा घाट सायकलवर चढायचो, रविवारी कधी पारोळ्यावरून एरंडोलपर्यंत जाऊन परत. एप्रिलमध्ये साक्रीच्या रस्त्याला नऊ वाजताच तोंडावर भट्टीसारखा वारा यायचा. ट्रकवाले आम्हाला बघून हॉर्न वाजवायचे, ढाब्यावरची माणसं हसायची. अक्कांचे यजमान, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पोस्टातून निवृत्त झाले होते. ते स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून यायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत.

मग अक्कांनी मोठी शर्यत ठरवली. समुद्रकाठच्या शहरात, दोन किलोमीटरला थोडं कमी पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि वर एकवीस किलोमीटर पळणं. त्यात प्रत्येक वयोगटातल्या ठरावीक जणांना परदेशातल्या अजिंक्यपद स्पर्धेत जागा मिळणार होती. पन्नाशीपुढच्या बायकांच्या आमच्या गटाला दोन जागा होत्या. कोणी नको म्हटलं तर जागा खालच्या क्रमांकाला जायची. "आपण दोघी जाऊ," अक्का म्हणायच्या. मला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण त्या वर्षी माझी वेळ खरंच सुधारली होती. मलाही ती जागा हवी होती. आयुष्यात इतक्या हव्याशा मला फार थोड्या गोष्टी वाटल्या.

शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत काही गोष्टी घडत होत्या. मला त्या दिसत होत्या, कळत नव्हत्या. अक्का बाटली माझ्यापुढे धरायच्या, "उघडून दे व, हात ओला शे." मी उघडून द्यायची. त्यांनी वॉर्डातलं इंजेक्शन द्यायचं काम सोडून नोंदणीचं टेबल मागून घेतलं. मला वाटलं, सरावासाठी. पाण्यात त्या मागे पडायला लागल्या. एकदा बाहेर येऊन डावा पंजा डोळ्यांसमोर धरून बघत बसल्या होत्या. बोटं एकमेकांना चिकटत नव्हती. "पाणी गळतं यातून," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, थकवा असेल. आणि खरं सांगायचं तर त्या मागे पडतात याचा मला आत कुठेतरी आनंद होत होता.

शर्यतीच्या दिवशी समुद्रातून मी त्यांच्या आधी बाहेर आले. असं पहिल्यांदाच घडलं होतं. सायकलवर साठाव्या किलोमीटरच्या आसपास त्यांनी मला गाठलं. एका हाताने हँडल आवळून, दुसरा नुसता टेकवून त्या पुढे गेल्या. "चाल, मास्तरीण!" म्हणाल्या. पळताना मी पुन्हा अंतर कमी करत आणलं. वळणावर उभ्या असलेल्या कोणीतरी ओरडून सांगितलं की आमच्या गटातली पहिली बाई केव्हाच पुढे गेली आहे, दुसरी आणि तिसरी आम्ही. म्हणजे उरलेली एक जागा आमच्या दोघींत होती.

शेवटचा एक किलोमीटर राहिला तेव्हा त्या माझ्या पुढे दोनशे पावलांवर होत्या. त्यांचा डावा पाय रस्त्यावर फटाफट आपटत होता, ओल्या चपलेसारखा. आणि त्या पडल्या. ठेच लागायला तिथे काही नव्हतं. सपाट डांबरावर सरळ तोंडावर पडल्या.

मी हे कोणाला फारसं सांगितलेलं नाही. जिने मला पाण्यात उभं राहायला शिकवलं ती बाई पडलेली मी पाहिली, आणि माझ्या मनात आलं, उठू नये.

त्या उठल्या. दोन्ही गुडघे सोलले होते, हनुवटीतून रक्त येत होतं. त्या माझ्या आधी चाळीस सेकंद पोचल्या.

संध्याकाळी मंडपात जागावाटप झालं. नाव पुकारलं की माणसाने जागेवरून ओरडून हो किंवा नाही सांगायचं होतं. हनुवटीला पट्टी लावलेल्या अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं नाव आलं. त्या दोन-तीन क्षण थांबल्या, तेवढ्यात मी खुर्चीच्या कडेला सरकले. मग त्या "हो" म्हणाल्या आणि पुढे जाऊन फॉर्मवर सही केली. डावं कोपर कागदावर दाबून धरलं होतं. नाना मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, इतका मोठा क्षण आहे, त्यांचे डोळे भरले असतील.

धुळ्याला परतल्यावर तीन आठवडे फाटकाशी घंटी वाजली नाही. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. अक्कांनी मला समोर बसवलं आणि रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावं तसं, आवाज न चढवता सांगितलं. मज्जातंतूंचा आजार आहे. आधी हात जातो, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. "मी वॉर्डात दोन जण पाहिलेत," त्या म्हणाल्या. "दोघांची तोंडं पुसलीत."

"कधी कळलं?"

"शर्यतीच्या दोन महिने आधी."

मग जे विचारायला नको होतं ते मी विचारलं. "म्हणजे तुम्ही जाऊ शकणार नाही, हे तुम्हाला त्या मंडपात माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तुम्ही नाही म्हटलं असतं तर ती जागा मला मिळाली असती, अक्का."

"तेही माहीत होतं." त्यांनी माझं मनगट धरायला उजवा हात पुढे केला. मी हात मागे घेतला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मन्ही जागा शे ती. मी कमावली. बठ्ठं तर जाईच ऱ्हायनं, हात, पाय, सगळं. ती एक माझ्या नावावर राहू दे."

नानांनी चहा आणला होता. मी तो न घेता उठले आणि पाच महिने त्यांच्या घराकडे फिरकले नाही. त्या मरणार आहेत हे माहीत असूनही मी त्यांच्यावर चिडून होते. सराव बंद केला. कॉलेजात कोणी त्यांची चौकशी केली की बरं चाललंय म्हणायची.

एका दुपारी नानांचा फोन आला. "बोलणं बंद झालंय तिचं," ते म्हणाले. "अक्षरं दाखवली की 'मास्तरीण' एवढंच जुळवते सारखं."

अक्का खिडकीशी खुर्चीत होत्या. ते रुंद खांदे कुठे गेले होते कळेना, सदऱ्याखाली नुसती हाडं होती. नानांनी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली होती. ते एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, हवं ते अक्षर आलं की अक्का पापण्या मिटायच्या. मला पाहून त्यांनी पहिलं वाक्य लावलं. त्याला बराच वेळ लागला. "पोहतेस का?"

मला रडू आलं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या पडल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं होतं, तेही. अक्कांच्या घशातून एक आवाज आला, हसण्यासारखा. मग पापण्या मिटू लागल्या. नाना अक्षरं जुळवून हळूहळू वाचत गेले.

"मी पण. स्वतःला. तेच सांगत होते. उठू नको."

त्यानंतर मी रोज कॉलेज सुटलं की जायची. घास भरवायची, लाळ पुसायची, पाय चोळून द्यायची. नानांना तेवढी झोप मिळायची. अक्का कधी कधी चिडायच्या, डोळ्यांनीच. मी पाण्यात जात नाही म्हणून तर फारच. त्यांच्यासाठी म्हणून मी तलावावर परत गेले आणि किती फेऱ्या मारल्या ते रोज सांगू लागले. कमी असल्या की त्या डोळे फिरवून खिडकीबाहेर बघत राहायच्या.

परदेशातल्या त्या स्पर्धेला पंधरा दिवस राहिले तेव्हा स्पर्धकांची यादी जाहीर झाली. ती मोबाईलवर मोठी करून मी त्यांच्यासमोर धरली. जगभरातली परकी नावं आणि त्यांत सुमन, पुढे आडनाव, देश, छातीवर लावायचा नंबर. त्या किती वेळ बघत होत्या मी सांगू शकत नाही. माझा हात दुखायला लागला तरी मी मोबाईल खाली केला नाही.

चारच दिवसांनी, सकाळी नाना तोंड धुवायला पाणी आणायला गेले तेवढ्यात अक्कांचा श्वास थांबला. मी पोचले तेव्हा अंग गरम होतं. मी मनगट धरून पाहिलं. त्यांनीच शिकवलं होतं, नाडी कुठे लागते ते. लागली नाही. दुपारी आम्ही त्यांना, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, अग्नी द्यायला माहेरी पिंपळनेरकडे घेऊन गेलो.

स्पर्धेच्या दिवशी नानांनी मला बोलावून घेतलं. घरात दोघंच होतो. त्यांना यादी पुन्हा बघायची होती. मी उघडून दिली. संध्याकाळपर्यंत नावांपुढे एकेकाची वेळ येत गेली. अक्कांच्या नावापुढे वेळेऐवजी तीन इंग्रजी अक्षरं आली. नानांनी चष्मा पुसला आणि विचारलं, याचा अर्थ काय?

"सुरुवात केली नाही," मी सांगितलं.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "स्पर्धावाल्यांना कळवायला हवं होतं का आपण, ती गेली म्हणून?" म्हणाले. मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तिथे."