कोरी ओळ

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात निवृत्ती साठाव्या वर्षी. भाऊ बासष्टचे, तरी रोज वेळेवर हजर. मी शेजारच्या टेबलावर, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. एकदा सरळ विचारलं.

"यादीत माझं नावच येत नाही," भाऊ चहा ढवळत म्हणाले.

कर्मचाऱ्यांची माहिती संगणकात भाऊच सांभाळायचे. यादी काढताना तीन रकाने जोडून नाव तयार व्हायचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. भाऊंना आईने एकटीने वाढवलं. वडिलांचा रकाना त्यांनी कधी भरला नाही. आणि त्या मेल्या संगणकाचा हट्ट असा, की तिघांतला एक रिकामा असला तर जोडलेलं अख्खं नावच गायब. निवृत्तीच्या यादीत भाऊंच्या जागी कोरी ओळ यायची. साहेब म्हणायचे, "प्रिंटर बदला." दोन वर्षांत तीन प्रिंटर आले.

"अहो, मग दुरुस्त करा की!"

"आणि घरी जाऊन काय करू? बायको गेल्यापासून भिंतींशी बोलतोय. आता त्याही कंटाळल्यात."

मी माझा अर्धा चहा त्यांच्या कपात ओतून कामाला लागले.

मग कायम होणाऱ्यांची यादी निघाली. झाडलोट करणाऱ्या मावशी चौदा वर्षं रोजंदारीवर. अनाथाश्रमात वाढलेल्या, वडिलांचं नाव आणणार कुठून? सातवी ओळ कोरी. साहेब म्हणाले, "सातवा कोणी नाहीच. उद्या सहाच नावं वर पाठवा." मावशी झाडू धरून दारातच उभ्या राहिल्या.

"त्यांचं तेवढं हाताने लिहा ना," मी भाऊंना म्हटलं.

"हाताने लिहिलेलं वर चालत नाही. आणि नावांची जोडणी सुधारली की सगळ्याच याद्यांत सुधारते."

म्हणजे निवृत्तीच्या यादीत त्यांचंही नाव येणार. भाऊंनी चहा संपवला आणि संगणकाला एका ओळीत समजावलं: रिकामं असेल ते सोड, उरलेलं जोड.

सकाळी सात नावं आली. मावशी ढसाढसा रडल्या. दुपारी निवृत्तीची यादी आली. "प्रिंटर सुधारला!" साहेब खूश झाले. मग पहिलं नाव वाचलं, आणि संध्याकाळी भाऊ घरी.

कायम झालेल्या मावशींना पहिलं काम मिळालं, भाऊंचं टेबल रिकामं करायचं. कोणामुळे कायम झालात, ते मी त्यांना सांगितलं. मावशींनी टेबल पुसलं, खुर्ची पुसली आणि तिथेच ठेवली.

आता रोज चारला भाऊ त्या खुर्चीत बसून चहा पितात. साहेबांनी परवा मला हटकलं, "निवृत्त माणूस इथे कसा?"

"कोण, साहेब?" मी म्हटलं. "हजेरीच्या यादीत त्या खुर्चीची ओळ तर कोरी आहे."