सुतकातलं कालवण

नोकरीत मी इतकी प्रेतं पाहिली की त्यांची भीती कधीच मेली. पण एका घरातून आलेला बोंबलाच्या कालवणाचा वास आठवला, की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाण्यात फौजदार होतो. कोलशेतचा खाडीकाठ आमच्या हद्दीत होता. तिथल्या एका कोळी विधवेला कोर्टाने एकुलत्या मुलाकडून पोटगी मंजूर केली होती. ती त्याच्याच पडवीत राहायची. मुलगा कारखान्यात कामाला, पगार बरा. पण आईला दोन घास घालताना त्याचा हात आखडायचा. हुकमानंतरही तो काही देईना, तेव्हा वॉरंट निघालं. ते बजावायला निघणार, तोच हा गृहस्थ रडत चौकीत हजर. आई खाडीत शिंपल्या काढायला गेली ती परतलीच नाही, म्हणाला. काठावर तिची टोपली सापडली होती.

आम्ही होड्या घालून खाडी धुंडाळली. प्रेत मिळालं नाही. ओहोटीबरोबर वाहून गेलं असेल, असं गाव म्हणू लागलं. बायका त्याच्या दारात रडून गेल्या आणि त्याने सुतक धरलं.

मग एका दुपारी त्यांची शेजारीण चौकीत आली.

"साहेब, म्हातारीचा जल्म गेला त्या चिखलात. ती बुडायची नाय. त्यानंच कायतरी केलंय. पन माझं नाव नका घेऊ, मना तिथंच रहायचंय."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन जबाबाच्या निमित्ताने घर गाठलं. मुलगा ओटीवर बसून पाठ केल्यासारखी उत्तरं देत होता. खरं दुःख झालेला माणूस अडखळतो, तेच तेच सांगतो. याचं सगळं कसं मुद्देसूद! माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात आतून तो वास आला.

सुतक फिटेपर्यंत घरात मासळी शिजत नाही, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खून करणारासुद्धा लोकांना दाखवायला सुतक पाळतो. मग हे कालवण कुणासाठी?

मी सुनेला बाहेर बोलावलं. तिच्या हातात जेवणाचा डबा होता.

"ताई, हा डबा कुणाचा?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आई मासळीबिगर जेवत नाय," ती कशीबशी बोलली.

मुलगा ओटीवरून उठला. "जेल झाली तर नोकरी जाईल, म्हणून कोंडली, साहेब. केस मागं घे, सोडतो, बोललेलो. ती ऐकंना. लोक शोधायला लागले, मग मी टोपली नेऊन ठेवली."

"आणि पुढे काय करणार होतास?"

तो बायकोच्या हातातल्या डब्याकडे बघू लागला. गावाने जिला रडून घेतलं, ती आई त्याला आता परत आणता येणार नव्हती.

त्याने जागा सांगितली. ओस पडलेल्या मिठागरावरच्या खोलीचं कुलूप तोडलं. म्हातारी जिवंत होती. आम्हाला पाहून ती भिंतीला आणखीच चिकटली.

"आजी, शोधणारी माणसं इथूनच गेली. ओरडला का नाहीत?"

"वरडनार कशी? सगल्यांत मोठ्यानं 'आई, आई' त्योच हाका मारीत व्हता. मंग येऊन बोलला, गाव तुला रडून मोकला झाला. मेलेल्याला परत मारलं तर कोन इचारतो, साहेब?"

डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल करून आम्ही मुलाला अटक केली. म्हातारी पुढे त्या शेजारणीकडेच राहिली.

पोटगीचा हुकूम आईच्या हाती पडतो खरा, पण तो घेऊन तिला त्याच घरात परतावं लागतं, हे मला त्या खोलीत कळलं. पुढे कल्याणला, डोंबिवलीला बदल्या झाल्या. असं वॉरंट घेऊन गेलो की मुलं आधी अडचणी सांगायची, चहा मागवायची. मी चपला काढून सरळ आत जायचो आणि विचारायचो, "आई कुठे आहे?" गावाला गेली, झोपली आहे, असलं काही मी ऐकून घेतलं नाही. तिने स्वतःच्या तोंडाने "मी इथे आहे" म्हटल्याशिवाय मी खिशातला कागद कधी बाहेर काढला नाही.