मागच्या खजुरीचा रस

अक्कास गाछीवर माझा राग आहे आणि गावावर त्याहून जास्त. माझी चहाची टपरी त्याच्या कुंपणाला लागूनच, त्यामुळे झालं ते सगळं डोळ्यांदेखत झालं.

खजुरीचं खोड तासायचं, खाली मडकं बांधायचं आणि पहाटे रस उतरवायचा, हे आमच्या फरीदपूरकडच्या गाछींचं थंडीतलं काम. अक्कासच्या हाताचा कच्चा रस प्यायला लोक लांबून यायचे. एका हिवाळ्यात आरोग्यवाली शिरीनआपा आली आणि त्याच्या अंगणात खाट टाकून बसली.

"वटवाघळं रात्री तासलेली जागा चाटतात, मडक्यात मुततात," ती म्हणाली. "निपाचा विषाणू त्यांच्यातच फिरत असतो, त्यांना त्याचं काही होत नाही. माणसाच्या पोटात गेला तर ताप थेट मेंदूत चढतो. रस उकळून प्या. नाहीतर झाडाला बांबूची तट्टी तरी बांधा."

"काय अक्कासभाई, आता झाडांना लुंग्या नेसवणार का?" माझ्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांना तेवढंच निमित्त पुरलं.

अक्कासनं मात्र ऐकलं. विकायच्या रसाच्या एकूण एक झाडाला त्यानं तट्टी विणून बांधली. स्वयंपाकघरामागची एक खजुरी तेवढी उघडी राहिली, कारण बांबू संपला. बाकी सगळीकडे दार बंद झाल्यावर गावातली वटवाघळं तिथंच गोळा होऊ लागली. फडफड टपरीपर्यंत ऐकू यायची.

"अरे, तिला पण बांध की," मी म्हणालो.

"बांधतो रे. तो रस कुठे बाजारात जातोय? घरचेच तर पितात."

खरंच घरचे रोज तोच पीत होते आणि धडधाकट होते. वटवाघूळ काही रोज विष सांडत नाही, म्हणूनच माणूस निर्धास्त होतो.

पौषात त्याची लेक पारुल माहेरी आली, नवरा मोनताजला घेऊन. थंडीत जावई आला की पहाटेचा कच्चा रस त्याच्या हातात द्यायचाच. उकळून दिलात तर तो घरी परत जाईपर्यंत तोंड फुगवून बसेल. अक्कासनं तट्टीच्या झाडाचं मडकं उतरवलं आणि काचेचा ग्लास विसळून त्याला भरून दिला. पारुलनंही हात पुढे केला.

"तू काय पाहुणी आहेस? तू मागचा घे, जा."

"बघितलंत? लेकीपेक्षा जावई लाडका!" मोनताजला असं चिडवत ती मागच्या खजुरीचा रस गटागटा प्यायली.

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला. मग ती बरळायला लागली, आईलाच 'कोण गं तू' म्हणाली. शहरातल्या इस्पितळातून तिचं प्रेतच परत आलं.

आणि गाव? अख्खा हिवाळा अक्कासनं झाकलेल्या झाडांचा रस पिऊन ठणठणीत राहिलेलं गाव म्हणालं, गाछी विष विकतो. त्याची मडकी फोडली, तट्ट्या ओढून काढल्या. झाकलेल्या झाडांच्या रसानं कुणाला काही झालेलं नाही, असं मी ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण. मोनताजनं तर अंगणात उभं राहून सासऱ्याला सुनावलं, "पोटच्या पोरीला मारलंत! माझं नशीब म्हणून मी वाचलो."

नंतर शिरीनआपा चौकशीला आली. अक्कासची बायको सोखिना चुलीपाशी भात वैरत होती.

"जावई कोणत्या झाडाचा रस प्यायले?" आपानं विचारलं.

"तट्टीच्या," अक्कास म्हणाला.

"आणि पारुल?"

अक्कास मागच्या खजुरीकडे बघत राहिला. सोखिना त्या पहाटे पिठ्याचं, म्हणजे जावयासाठीच्या तांदळाच्या गोड पोळ्यांचं, पीठ दळत होती; बापानंच लेकीला मागच्या झाडाकडे धाडलं हे तिला ठाऊक नव्हतं. चुलीवरचा भात करपला.

तेव्हापासून ती नवऱ्याला 'पारुलचे अब्बा' म्हणत नाही. जेवायला नवी चटई अंथरते, हात धुवायला पाणी घालते, हिलसा माशाचा पोटाकडचा तुकडा त्याच्याच ताटात वाढते आणि 'घ्या ना, लाजू नका' असा आग्रह करते. स्वतः शिळा भात खाते. एकदा मी तिथं होतो, मला बघवेना.

"भाबी, घरच्या माणसाला हे असं पाहुण्यासारखं काय वाढता?"

"या घरात पाहुणेच जगतात, भाई," ती म्हणाली आणि अक्कासच्या ताटात आणखी एक तुकडा घातला.

त्यानं तो मान खाली घालून खाल्ला.