मामाजींचे थंडे डबे

नाशवंत मालाची मनापासून काळजी करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याच्याकडे फ्रिजमधल्या दूध-दह्यापलीकडे नाशवंत असं कधी काही नव्हतंच. हे माझे मामेसासरे. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत जिथे सोफा असायला हवा तिथे एक मोठं टेबल आहे, आणि त्या टेबलावर खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरते. 'खेळण्यातली' हा शब्द मी इथे लिहितेय. त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी बिशाद नाही. या गाडीला प्रवाशांचे डबे नाहीत, कोळशाचे नाहीत. सगळेच्या सगळे थंडे डबे, म्हणजे दूध, मासे, फळं असा माल गार ठेवून नेणारे. एकेक डबा चष्म्याच्या घरापेक्षा जरासाच मोठा. बाजारातून तो कोरा पांढरा येतो, आणि मग त्यावर कोणत्या कंपनीचं नाव, कोणत्या रंगात, कोणत्या वळणाच्या अक्षरात लिहायचं, यात मामाजींचा जीव महिनोन् महिने अडकलेला असतो.

कंपन्या सगळ्या त्यांच्या डोक्यातल्या. पण नाव सुचलं आणि लिहून टाकलं, असं त्यांच्याकडे चालत नाही. आधी कंपनीचा मालक ठरतो, मग त्याचा स्वभाव, मग त्याचं घरदार. 'बीरगांव मोसंबी रस'चा डबा नुसताच पिवळा का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मालक चिक्कू आहे सूनबाई. दुसरा रंग घ्याचं त्याच्या जिवावर येते." एका दूध कंपनीची अक्षरं गोल, गुबगुबीत, कारण भागीदार सगळे खाऊनपिऊन सुखी. एकदा तर भर पंगतीत हात थांबवून म्हणाले, "खरबुजवाल्यायची कंपनी बुडाली." दोघा भावांत भांडणं झाली म्हणे. त्या दिवशी श्रीखंड त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. मी बघतच राहिले. ज्या भावांना कुठल्या आईनं जन्म दिलेला नाही, त्यांच्या भांडणानं या माणसाचं जेवण जातं! हसू येतं खरं, पण हसता हसता अंगावर काटाही येतो, खोटं कशाला बोलू.

अक्षरं शोधायला ते भनपुरीला जातात. तिथे ट्रक रांगेनं उभे असतात आणि मामाजी त्यांच्या मागे उभे राहून, डोळे बारीक करून, मान वाकडी करून वाचत असतात. एका ड्रायव्हरला वाटलं, आला सरकारी माणूस, आता चालान फाडणार. तो हात जोडून पुढे आला, तर मामाजी गहिवरून म्हणाले, "भैया, आपका 'ह' बहुत सुंदर है. किसने लिखा?" त्या बिचाऱ्याला आपल्या गाडीवर 'ह' आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं यांना चहा पाजला, आणि मग दोघं मिळून उरलेली रांग बघून आले.

अक्षर ठरलं की त्याची परीक्षा स्वयंपाकघरात. नावं कागदावर काढून ते खऱ्या फ्रिजच्या दारावर चिकटवतात आणि येता-जाता बघतात. चहा पिताना बिनचष्म्याचं जे वाचता येईल ते पास. मामींना फ्रिजची मूठ सापडत नाही, पण सांगणार कोणाला? मागे 'मैनाबाई मासळी भांडार' अशी चिठ्ठी कितीतरी दिवस दारावर होती. शेजारच्या दीदी साखर मागायला आल्या, ती वाचून साखर न घेताच परत गेल्या, आणि या शाकाहारी घरात मासळी शिजते असा साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोभाटा झाला. मामी घरोघर जाऊन खुलासा करत फिरल्या. मामाजींचं म्हणणं एवढंच, "म्हणजे दुरून वाचता येते न बाप्पा!"

अशा जगाच्या नावाचे डबे निघाले, एका मामींच्या नावाचा तेवढा नाही. आणि मामींना तो हवा होता, अगदी मनापासून. त्यांचा माल काही हवेतला नव्हे. अर्धी कॉलोनी त्यांच्याकडून वाटीभर विरजण घेऊन जाते. तसं घट्ट दही रायपुरात दुसऱ्या कोणाकडे लागत नाही. त्या म्हणायच्या, "ते मैनाबाई कोण कुठली, तिले डबा. अन् मी मेली इतके वर्षं दही लावून राहिली, मले काहून नाही?" मामाजी मान खाली घालून रंग ढवळत बसायचे. "रंग नाही जमून राहिला," म्हणायचे. रंगाचा काही दोष नव्हता. त्यांच्या पिढीच्या रीतीप्रमाणे, लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी बायकोचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. हाक म्हणजे "ऐकून राहिली का?" मग ते नाव चारचौघांच्या देखत फ्रिजवर चिकटवायचं कसं? नुसत्या लाजेपायी डबा अडला होता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळी मी गेले तर फ्रिजवरच्या जुन्या चिठ्ठ्या सगळ्या काढलेल्या, आणि मधोमध एकच: 'सुमन विरजण कंपनी, रायपूर'. मामी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. पाहिल्याचं दाखवत नव्हत्या, पण कान लाल झालेले. बाई गं, मला तिथे उभंही राहवेना आणि निघवेना.

डब्यावर अक्षरं काढायची वेळ आली तेव्हा ब्रश टेकेना. शिरोरेषेचा एक ठिपका इकडे, एक तिकडे. मामाजींनी पुसलं, पुन्हा धरलं, पुन्हा पुसलं. शेवटी ब्रश खाली ठेवून म्हणाले, "उशीर केला मी." मामी पदराला हात पुसत आल्या, त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांचं मनगट धरलं. "काढा आता. मी पकडून राहिली." दोघांनी मिळून नाव काढलं. सरळ काही आलं नाही. 'म' शेजारच्या 'न'वर रेललेला. केसभर रेघ हलली तर अख्खा डबा खरवडून काढणारा हा माणूस भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. "राहू द्या," ते म्हणाले. "घरगुती कंपनी आहे. असंच असते."

रंग वाळल्यावर त्यांनी डबा इंजिनाच्या लगेच मागे जोडला. मामी तोवर आत कामाला लागल्या होत्या. अक्षरं नीट उमटलीत ना, हे बघायला मामाजी वाकले आणि मोठ्यानं वाचायला लागले, "सुमन..."

"ओ!" आतून आवाज आला.

मामाजी होते तिथेच थिजले. मामी दारात आल्या, बोटांना दही तसंच. "काय म्हणून राहिले?"

"काही नाही," मामाजी पुटपुटले. "वाचून पाहून राहिलो."

मामी चौकटीला टेकल्या. "मंग वाचा न. पुरं वाचा."

मी चपला घालायला बाहेर आले. आत मामाजी पहिल्यापासून वाचत होते, आणि गाडी सुरू करायची कोणालाच आठवण नव्हती.