आप्पांना घाई नव्हती

दुकानात आले की आप्पा आधी वास घ्यायचे. खरंच सांगतो. काउंटरवर मांडलेला तो छोटा, चपटा कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलायचे, मागच्या जाळीला नाक लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे. मग जागच्या जागी ठेवून म्हणायचे, "चांगलं हाय. पण घाई न्हाई आपल्याला."

माझं दुकान शिरूरला, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधून देतो. महिनोन्‌महिने येणारं, चहा पिणारं आणि काहीही न घेणारं गिऱ्हाईक तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेलच. मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. माझी बायको म्हणते, तुम्हाला सगळ्यांचाच येतो. असेल. पण आप्पांचा कधी आला नाही, आणि जेव्हा आला तेव्हा असा आला की मी भर दुकानात त्यांच्यावर ओरडलो.

आप्पा मांडवगण फराट्याचे. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर. वडिलांनी जमीन धरली, आप्पांनी त्या जमिनीत कांदा केला. उन्हाळी कांदा काढायचा, बांबूच्या हवेशीर चाळीत भरायचा, आणि भाव येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, यात त्यांची हयात गेली. कांदा कधी विकावा हे विचारायला गावातली चार माणसं त्यांच्याकडं येत. ते चाळीपाशी जात, वास घेत, आणि सांगत. कॉम्प्युटरचा वास घ्यायची सवय तिथली.

पहिल्यांदा आले ते ऐन पावसाळ्यात. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामी पिशवी. काउंटरवरच्या त्या पेढ्याच्या खोक्याएवढ्या कॉम्प्युटरकडं बोट केलं.

"ह्यात मोठ्या कॉम्प्युटरवानी सगळं हुतं का?"

"सगळं होतं आप्पा. पडदा वेगळा लावायचा, की झालं."

"सोळा जीबी हाय?"

मी चमकलो. म्हटलं, "आहे. कुणासाठी हवाय?"

"कुणासाठी न्हाई. असंच. घरात एक असावं."

मग तंबाखू थुंकायचं निमित्त करून बाहेर गेले, पाठमोरे होऊन खिशातली चिठ्ठी वाचली, आणि परत येऊन पुढचा प्रश्न विचारला. असं तीनदा. शहाण्या माणसाला तेव्हाच कळलं असतं की चिठ्ठी लिहिणारं कुणीतरी घरी वाट बघत बसलंय. मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आलीय.

ती चिठ्ठी त्यांच्या सुनेची होती. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. सून रांजणगावच्या एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायची. हुशार मुलगी. लग्न ठरवताना आप्पांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, की पोरीचं काम आमच्या घरात बंद पडणार नाही. पुढं तिला मुलगी झाली. आप्पांची बायको आधीच गेलेली, नवरा शिफ्टमध्ये, तान्ह्या लेकराला सोडून कंपनीच्या बसनं जायचं कसं? तिचे साहेब भले. म्हणाले, घरून ड्रॉइंग करून द्या, पण कॉम्प्युटर तुमचा तुम्ही घ्या. तीन महिने थांबतो, त्यानंतर जागा दुसऱ्याला. म्हणून आप्पा माझ्याकडं आले होते. मुलगा म्हणाला, मी मागवतो. आप्पा म्हणाले, शब्द मी दिलाय, वस्तू मी आणणार.

आणि यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नाही.

मी आपला माझ्या ज्ञानाच्या तोऱ्यात. म्हटलं, "आप्पा, खरं सांगू? थांबा. याचं नवीन मॉडेल येणार अशी बातमी आहे. दोन-अडीच महिन्यांत येईल. याच किमतीत याच्या दीडपट पळेल. हे आत्ता घेतलंत तर मागाहून हळहळाल."

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "शेठ, तुम्ही व्यापारी असून थांबा म्हंता?"

"मग? गिऱ्हाइकाला फसवून मला काय करायचंय?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी आप्पा पिशवीभर कांदे घेऊन आले. एकसारखे, गोल, लाल. म्हणाले, "खरं बोलनाऱ्या मानसाला." त्या दिवशी मी घरी बायकोला ती पिशवी अशी दिली की जणू सरकारनं माझा सत्कार केला होता.

तेव्हापासून दर शनिवारी बाजार उरकला की आप्पा हजर. स्टुलावर बसायचे, पिशवी पायापाशी, आणि विचारायचे, "आलं का नवीन?" मी मोबाइल काढून बातमी दाखवायचो. कुणी म्हणे पुढच्या महिन्यात, कुणी म्हणे दिवाळीनंतर. आप्पा मान हलवायचे. "म्हंजी अजून बाजार ठरला न्हाई."

एकदा त्यांनी ती डबी (ते त्याला डबीच म्हणायचे) उचलून भिंतीपासून वीतभर पुढं ठेवली.

"ह्याला वारं कुठनं लागतं?"

"मागून, आप्पा. आत छोटा पंखा आहे."

"मंग भितीला खेटून काय ठिवलंय? माल कोंडला की आतनं जातो."

मी हसलो. संध्याकाळी हात लावून पाहिला, तर डबी रोजच्यापेक्षा गार. तेव्हापासून दुकानातली एकही मशीन मी भिंतीला टेकवली नाही. लोकांना मीच ऐकवतो आता, आणि आप्पांचं नाव घेत नाही.

पण आप्पा माझ्या एकट्याच्या भरवशावर बसणारे नव्हते. एका मंगळवारी दौंडहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याचंही असंच दुकान आहे, स्टेशनजवळ.

"दाजी, एक आप्पा आलेत. छोट्या कॉम्प्युटरचा भाव विचारतायत. गाव सांगत नाहीत, नाव सांगत नाहीत."

"टोपी, टॉवेल, आणि वास घेतात?"

"व्हय की! कोण म्हणायचे?"

"कशाला हवाय म्हणतात?"

"दूध डेअरीला पाहिजे म्हणाले."

शनिवारी मी विचारलं, "काय आप्पा, दौंडला जाऊन आलात?" तर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "न्हाई बा. गुडघा दुखतोय, कुठं जातो?" मी पोट धरून हसलो. तेव्हा मला त्यांच्या लबाडीचं कौतुक वाटत होतं.

असे शनिवार गेले. एका शुक्रवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, एक मुलगी पायरीवर येऊन थांबली. कडेवर सात-आठ महिन्यांची पोरगी. ड्रेस साधा, चेहरा ओढलेला.

"दादा, मांडवगणचे आप्पा येतात ना तुमच्याकडं? मी त्यांची सून. त्यांनी कॉम्प्युटरची ऑर्डर दिलीय का?"

"ऑर्डर? नाही. नवीन मॉडेलसाठी थांबलेत ते. त्यांना काही घाई नाहीये."

तिनं काउंटरला हात टेकला. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी साहेबांना मशीन चालू झाल्याचं कळवायचं होतं. नाहीतर जागा चाकणच्या एका मुलाला.

मी म्हटलं, "अहो, मग आप्पांना सांगायचं ना, की लवकर आणा!"

"कसं सांगू, दादा? माझ्यासाठी एवढे हेलपाटे घालतायत. घरी आले की दर वेळी म्हणतात, तुला चांगल्यातलं चांगलं आणतो. त्यांना घाई करा म्हणणं बरं दिसत नाही."

"मग हा आत्ता घेऊन जा. पैसे राहू द्या."

"नको. ते आणणार म्हणालेत. मी नेला तर त्यांचा शब्द काय राहिला?" ती पायरी उतरली, आणि मागं वळून म्हणाली, "मी आले होते ते त्यांना सांगू नका."

आता आली का पंचाईत! मी लगेच आप्पांना फोन लावला. गोड आवाजात म्हटलं, "आप्पा, नवीन मॉडेल लांबलंय असं ऐकतो. मी म्हणतो, आहे हेच घेऊन टाका."

पलीकडून सावकाश आवाज आला, "शेठ, माल पडून हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी बाजाराला आले, स्टुलावर बसले, आणि माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या वजनात मारलं होतं. मी म्हटलं, हेही मशीन उत्तम आहे. ते म्हणाले, आधी तर न्हाई म्हनला. मी म्हटलं, किंमत कमी करतो. ते आणखी मागं सरकले. मी म्हटलं, आज घ्याच. त्यांनी पिशवी उचलली.

"व्यापारी घाई कराया लागला की मानसानं घरचा रस्ता धरावा. येतो."

ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि माझा धीर सुटला.

"आप्पा, काल तुमची सून आली होती!"

ते थांबले. मी सगळं सांगून टाकलं, सोमवारसकट. आप्पा परत येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचं डोकं इतकं पांढरं आहे हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"परवा? अजून म्हयना असंल, असं धरून चाललोय मी." मग म्हणाले, "मला का न्हाई बोलली ती?"

तिथं मला राग आला. "आणि तुम्ही मला का नाही बोललात? अडीच महिने मी तुम्हाला थांबा थांबा म्हणतोय! एक शब्द बोलला असता, सुनेच्या कामाला पाहिजे, तर पहिल्याच दिवशी ही डबी तुमच्या पिशवीत घातली असती. दूध डेअरी म्हणे!" बाजारातली माणसं दारात थबकून आत बघायला लागली, तरी माझा आवाज खाली येईना.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्यापाऱ्याला गरज दावायची नस्ती, शेठ. बापानं शिकवलंय. गरज दावली की भाव गेला."

"मी व्यापारी आहे का तुमचा?"

"मंग कोन हायसा?"

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. डोळे लाल झाले होते. "तिच्या बापाच्या हातात हात दिऊन बोललोय मी," म्हणाले. "बांधा."

एसटीच्या भरवशावर मी त्यांना सोडलं नाही. दुकानाला कुलूप लावलं, पडदा खोक्यासकट आप्पांच्या मांडीवर, डबी माझ्या सॅकमध्ये, आणि माझ्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. वाटेत आप्पा फक्त एकदा बोलले, "खड्डा बघा." मांडवगणला पोहोचलो तेव्हा सून अंगणात पोरीला भरवत होती. तिनं आधी खोकं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. सांगू नका म्हणाली होती ना ती.

वायरी जोडून मशीन चालू केली. पडदा उजळला तशी ती पुढं झाली, खुर्चीवर टेकली, आणि तिची बोटं अशी चालायला लागली की मी नकळत बाजूला सरलो. दारात उभ्या आप्पांनी तिला कधी काम करताना पाहिलंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला आजही दिसतं.

मग त्यांनी घसा साफ केला. "बाय, आपल्या घरात बोलायला बंदी हाय का?"

"नाही, आप्पा."

"मंग हितनं फुडं काय पायजे ते तोंडावर सांगायचं. बरं दिसतंय का न्हाई, ते बघायचं न्हाई. मी बी सांगन."

तिनं खुर्ची वळवली. मग म्हणाली, "आप्पा, मग पोरीला घ्या. मला चार तास पाहिजेत. रोज."

पासष्टी ओलांडलेला बाप्या, आयुष्यात स्वतःचं लेकरू कधी कडेवर घेतलं नसेल. आप्पांनी टॉवेल नीट केला, हात पुढं केले आणि पोरीला घेतलं. जरा अवघडलेच. पोरीनं त्यांची टोपी ओढली. ते तिला घेऊन बाहेर गेले, आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं.

काम टिकलं. सोमवारीच पहिलं ड्रॉइंग गेलं, हे तिनं मला मेसेजवर कळवलं. त्यानंतर आप्पा काही दुकानात आले नाहीत. एक शनिवार गेला, दुसरा गेला. मी उगीचच रस्त्याकडं बघायचो. स्टुलावर दुसरं कुणी बसलं की मला बरं वाटायचं नाही, हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

नवीन मॉडेल आलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. बातम्या म्हणत होत्या त्याहूनही छोटं, आणि पळायला खरंच तेज. खोकं फोडलं, काउंटरवर मांडलं, आणि पहिला फोन आप्पांना लावला. शनिवार होता, दुकानात गर्दी होती, मी आनंदानं जवळजवळ ओरडलोच, "आप्पा! नवीन आलं! या बघायला!"

पलीकडून कुजबुज ऐकू आली.

"शेठ, हळू बोला. सूनबाईचं काम चाललंय, आन् पोरगी आत्ता कुठं झोपलीय. ठिवतो."

फोन बंद झाला. मी चार गिऱ्हाइकांच्या समोर, भर बाजाराच्या गोंगाटात, माझा मोबाइल आवाज न करता काउंटरवर ठेवला.