तीनशे पस्तीस की तीनशे नव्वद?

डेल्फोर्ड गावात व्हर्लिन ओटमनला जेवायला बोलावलं, की बायका आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा कपाटात ठेवून देत. नाहीतर तो सूप येईपर्यंत काटा तपासून मोकळा व्हायचा आणि जेवणभर घरातल्यांचे चेहरे उतरलेले असायचे.

एकतीस वर्षं तो कौंटीचा वजनमाप निरीक्षक होता. किराणा दुकानांतले काटे, धान्यकोठाराबाहेर ट्रक तोलायचे मोठे काटे, पेट्रोलचे पंप, सगळं त्याच्या अखत्यारीत. पंपावर तो आपलं पाच गॅलनचं पोलादी माप ठेवायचा, ते भरून घ्यायचा, आणि मग मापाच्या मानेवरच्या काचपट्टीशी डोळा आणून असा गुडघ्यावर बसायचा, की नवख्या माणसाला वाटावं प्रार्थना चाललीय. एकदा ल्युथरन चर्चच्या नाताळ विक्रीत त्यानं पास्टरीणबाईंचा मिठाईचा काटा भर गर्दीत बंद करायला लावला. अर्धा औंस चूक होती. बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अरे, पण आम्ही लोकांना जास्तच देतोय की!"

"तेही चुकीचंच," व्हर्लिन म्हणाला.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गावात भाव ठरताना लोक म्हणत, 'व्हर्लिनच्या मापानं हं!' याचा त्याला मनातून फार अभिमान होता. दाखवत मात्र नसे.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट मोजायची राहून गेली होती, आणि ती त्याच्याच गॅरेजमध्ये उभी होती. एकोणसत्तर साली कोरी घेतलेली हिरवी केस्ट्रेल. दोन दारं, लांब नाक, आणि पुढं बरणीबरोबर बाटली फुकट द्यावी तसं जरा जास्तच मोठं इंजिन. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलं होतं, तीनशे पस्तीस अश्वशक्ती. व्हर्लिनच्या मते हा आकडा खोटा होता.

दर गुरुवारी सकाळी पेगच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर हा विषय निघायचा. टेबलावर पाचसहा जण असत, पण खरी जुंपायची ती व्हर्लिनची आणि त्याच्या मेहुण्याची, रोली प्राटची. रोली व्हर्लिनच्या बायकोचा, नोरीनचा, धाकटा भाऊ. त्यानं जन्मभर गाड्यांचे सायलेन्सर बदलायचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे त्याला वरच्या पट्टीत बोलायची सवय होती.

"त्या काळात विमेवाले जास्त घोड्यांच्या गाडीला पोरांकडून जास्त हप्ता घ्यायचे," व्हर्लिन कॉफीत साखर मोजून घालत सुरू करायचा. "म्हणून कंपन्या आकडा मुद्दाम कमी छापायच्या. खरे तीनशे नव्वद आहेत. एक कमी नाही."

"आणि कंपनी ते घोडे मोजायची कशी, तेही सांग ना," रोली म्हणायचा. "इंजिन टेबलावर ठेवून. पंखा काढून, सायलेन्सर काढून. नागडं! गाडीत बसवलं, की त्याच घोड्यांची खेचरं होतात. तीनशे पस्तीससुद्धा मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हणतोय."

"मग तो आवाज? सिग्नलला उभी असताना ती कशी वाजते, ऐकलंयस ना? धडक् धडक्, धक्. एक पाय आखडलेल्या बैलासारखी. हा काय तीनशे पस्तिसांचा आवाज आहे?"

इथवर आलं, की रोली बशीतल्या 'पाय' या भाजक्या पक्वान्नाकडे वळायचा. रूबार्बच्या देठांची ती पाय कितीही आंबट असली, तरी त्या वेळी तो ती मन लावून खायचा.

"गप्प बसला!" व्हर्लिन टेबलाला सांगायचा. "आवाजाचा विषय काढला, की गप्प बसतो."

"बसू दे बाई," पेग कॉफी ओतत म्हणायची. "एकजण तरी बसू दे."

केस्ट्रेल कंपनीतून निघाली तशीच्या तशी आहे, हा व्हर्लिनचा दुसरा अभिमान. कौंटीच्या जत्रेत 'मूळ अवस्थेतल्या गाड्या' या वर्गात त्याला अकरा वर्षं निळी फीत मिळाली होती. काचेमागे तो स्वतःच्या सहीचं एक प्रमाणपत्र ठेवायचा. टायर, बॅटरी, पट्टे, प्लग बदलले. बाकी एकही भाग बदललेला नाही. खाली सही, तारीख, आणि 'निरीक्षक (निवृत्त)'. परीक्षक गाडी बघण्याआधी तो कागद बघत आणि मग गाडी बघायचं विशेष कारण उरत नसे.

गाडी त्याच्या नजरेआड होती ती फक्त दीड वर्ष. सत्तरच्या उन्हाळ्यात त्याला लष्करातून बोलावणं आलं. बाकीची पोरं व्हिएतनामला गेली आणि याची रवानगी झाली जर्मनीतल्या एका गोदामात, बटाटे तोलायला. नोरीनशी तेव्हा नुसता वाङ्‌निश्चय झाला होता. तिच्या वडिलांच्या कोठीत गाडी ताडपत्रीखाली ठेवली, आणि एकोणीस वर्षांच्या रोलीला बजावून सांगितलं, की पंधरा दिवसांनी एकदा इंजिन सुरू करायचं, चालवायची नाही. परत येऊन किल्ली फिरवली, तेव्हा तो गडगडाट ऐकून व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो नोरीनला म्हणाला, "आराम मिळाल्यावर कसं मोकळं झालंय बघ इंजिन!" नोरीननं फक्त रोलीकडे पाहिलं होतं.

दोन हजार नऊच्या ऑगस्टमधल्या जत्रेत पहिल्यांदाच 'डायनो' आला. ट्रेलरवर बसवलेलं ताकद मोजायचं यंत्र. गाडीची मागची चाकं दोन जाड रुळांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी दामटायची, की रुळांवरून आकडा निघतो. बातमी पेगच्या टेबलावर आली, आणि व्हर्लिननं तिथल्या तिथं कागदी रुमालावर गणित मांडलं. इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचताना शेकडा अठरा वाटेत गळते, हे दोघांनाही मान्य होतं. म्हणजे रुळांवर तीनशे वीस आले तर व्हर्लिन खरा, दोनशे पंचाहत्तर आले तर रोली. हरेल त्यानं गुरुवारी याच टेबलापाशी उभं राहून, मोठ्यानं, 'दुसरा बरोबर होता' असं म्हणायचं.

"जुनं इंजिन आहे रे," रोली कुरकुरला. "उगाच फुटेल. कशाला पाहिजे?"

"घाबरला!"

"घाबरलो नाही. मी आपलं इंजिनासाठी सांगतोय."

"पस्तीस वर्षं इंजिनाला शिव्या देतोस, आणि आज त्याचा कळवळा?" व्हर्लिन इतका खूश झाला, की त्यानं त्या दिवशी साखर मोजली नाही.

जत्रेच्या शनिवारी मेंढ्यांच्या शेडजवळ गर्दी जमली. यंत्र चालवणारी होती ट्रिना नावाची तिशीतली मुलगी, हाताला ग्रीस आणि कानावर पेन्सिल. केस्ट्रेल रुळांवर चढली. पट्टे आवळले. ट्रिनानं तीन वेळा गाडी पिळून काढली. तिसऱ्या वेळी शेडमधल्या मेंढ्या एकासुरात ओरडायला लागल्या. मग तिनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "तीनशे अडुसष्ट. चाकांवर!"

एकच गलका झाला. कुणी व्हर्लिनच्या पाठीत थापा मारल्या, कुणी त्याच्या हातात तळलेलं सॉसेज कोंबलं. तो हसत होता. साधारण एक मिनिटभर हसला. मग त्याच्या डोक्यातलं गणित, जे कुणी न सांगता आपोआप चालायचं, ते संपलं. तीनशे अडुसष्ट चाकांवर, म्हणजे इंजिनाचे साडेचारशेला एक कमी.

त्याचा स्वतःचा दावा तीनशे नव्वदचा होता. त्याहून साठेक घोडे जास्त. जन्मभर त्यानं दुकानदारांना एकच गोष्ट शिकवली होती: काटा आपल्या बाजूनं झुकला, की आधी काट्याकडे बघावं.

"हे यंत्र तपासलं कधी होतं?" त्यानं ट्रिनाला विचारलं.

"सोमवारी, मिस्टर ओटमन. हा कागद. आणि सकाळी माझी स्वतःची गाडी घातली होती. बरोब्बर आकडा आला." मग मान तिरकी करून तिनं विचारलं, "कॅम कुठला टाकलाय हो?"

कॅम म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा दांडा. तो बदलला, की इंजिनाचा स्वभावच बदलतो.

"कंपनीचा," व्हर्लिन म्हणाला.

ट्रिना मनापासून हसली. "चांगली थट्टा करता! कंपनीचा कॅम उभ्या गाडीत असा लंगडतो होय? हा शर्यतीचा आहे. मी डोळे मिटून सांगते."

व्हर्लिन मेंढ्यांच्या शेडमागं जाऊन एका गवताच्या गठ्ठ्यावर बसला. सॉसेज हातात तसंच होतं. चार वाजता मूळ अवस्थेतल्या गाड्यांची तपासणी होती. त्याच्या सहीचा कागद काचेमागं होता आणि परीक्षक तो बघून पुढं जाणार होते. बाराव्यांदा.

थोड्या वेळानं रोली लिंबाच्या सरबताचे दोन पेले घेऊन आला. शेजारी बसला. आपला पेला एका दमात संपवला.

"सत्तरचा नोव्हेंबर," मग तो म्हणाला. "नदीकाठच्या रस्त्यावर मी ती चालवली. शर्यत लावली होती डुएन केलरशी. कॅमचे दात खाल्ले गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो रे! लायमा शहरात एका दुकानात शर्यतीचं इंजिन मोडीत काढलेलं होतं, त्यातला कॅम बसत होता. जो मिळाला तो घातला."

"आणि मला बोलला नाहीस."

"बोलणार होतो. तू आलास, किल्ली फिरवलीस आणि रडायलाच लागलास. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

व्हर्लिननं सॉसेज गवतावर ठेवलं. "नोरीनला माहीत आहे?"

"इंजिनाच्या सांध्यात बसवायचं जाड गॅस्केट तिनंच कापलं. तिच्या शिवणाच्या कात्रीनं."

"ती कात्री!" व्हर्लिन ताडकन उठला. "लग्नात घेऊन आली तेव्हापासून बोथट आहे! सदतीस वर्षं मी तिला धार लावतोय!"

"तुझं संसारातलं दुसरं कुठलंही गुपित मला माहीत नाही," रोली घाईघाईनं म्हणाला. "शपथेवर."

व्हर्लिन पुन्हा बसला. एक मेंढी फळीच्या फटीतून सॉसेजकडे बघत होती. "मग तू एवढी वर्षं तीनशे पस्तीस, तीनशे पस्तीस करत भांडत का होतास? तुला तर माहीत होतं."

"म्हणूनच!" रोलीचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "तू दर गुरुवारी त्या आवाजावरून घोडे वाढवायचास. ते माझेच घोडे होते ना! मी घातलेले मीच वजा करत होतो. कुणीतरी हिशेब जागेवर ठेवायला नको?"

व्हर्लिननं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो एखाद्या पंपाकडे पाहायचा, जो चुकतो पण रोज तेवढाच चुकतो.

"हे बघ," रोली म्हणाला, "आकडा तुझ्या बाजूनं आलाय. गुरुवारी मी उभा राहतो, तू बरोबर होतास म्हणतो. कॅमचं तुला, मला आणि नोरीनला माहीत. त्या पोरीला कोण विचारतंय? बाराव्या फितीला जागा आहे भिंतीवर. मी मोजलीय."

"मला माहीत आहे जागा आहे," व्हर्लिन म्हणाला. "खिळासुद्धा मारलाय."

तो उठला, गाडीपाशी गेला, काचेमागचा कागद काढून त्याची चौकोनी घडी केली आणि जत्रेच्या कचेरीत गेला. मिसेस लूमिस खिडकीत होत्या. त्यानं सांगितलं, की गाडी त्या वर्गातून काढून घ्या, इंजिनात शर्यतीचा कॅम आहे, प्रमाणपत्र चुकीचं होतं, आणि हे ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवा. आधीच्या अकरा फिती तो सोमवारी आणून देईल.

"फिती परत घ्यायचा अर्ज आमच्याकडे नाही," मिसेस लूमिस चष्म्यावरून म्हणाल्या.

"मग छापून घ्या."

"एकट्या तुझ्यासाठी?"

"एकासाठी असला तरी अर्ज हवाच," व्हर्लिन म्हणाला. मिसेस लूमिसनी सुस्कारा टाकून ध्वनिक्षेपक हातात घेतला. दोन वर्षांपूर्वी, निवृत्त असूनही, त्यानं त्यांच्या नवऱ्याच्या दुकानातला काटा बघायला मागितला होता, ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी त्याचं नाव जरा जास्तच स्पष्ट उच्चारलं. लिंबू-सरबताच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. व्हर्लिन खिडकीशी टोपी हातात घेऊन पूर्ण मजकूर संपेपर्यंत उभा राहिला. पळून गेला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

घरी जाताना तिघं केस्ट्रेलमध्येच होती. रोली मागं, गुडघे हनुवटीला लागलेले. नोरीन पुढं, मांडीवर जत्रेत नेलेल्या 'पाय'चं रिकामं ताट. मेन स्ट्रीटच्या सिग्नलला गाडी थांबली आणि नेहमीसारखी धडधडू लागली.

"तुला नाही वाटलं कधी सांगावंसं?" व्हर्लिननं समोर बघत नोरीनला विचारलं.

"वाटलं. पहिल्या आठवड्यात," नोरीन म्हणाली. "मी रोलीला म्हटलं होतं, याला आवाजावरून लगेच कळेल. आठवडा गेला, कळलं नाही. मग महिना गेला. मग मला तुझ्या कानांची कीव आली."

मागून रोलीनं खोकून हसू दाबलं. व्हर्लिनचे कान लाल झाले. सिग्नल अजून लालच होता.

"पण खरा आवाज कसा होता?" तो म्हणाला. "आधीचा. कंपनीचा. मला आता आठवतच नाही."

रोली दोन सीटच्या मधून पुढं झुकला, गाल फुगवले आणि ओठांनी आवाज काढला. "घुर्र्र्र. असा. सलग."

"छे," नोरीन म्हणाली. "ते आपल्या ट्रॅक्टरचं झालं. केस्ट्रेल अशी होती." तिनं ताट बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि नाकातून एक लांब, मऊ सूर धरला. "ऊंऊंऊं..."

"एवढी शहाणी नव्हती हं ती!"

"शहाणीच होती. तुझ्या हाती लागायच्या आधी."

व्हर्लिननं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, म्हणजे नीट ऐकू येईल. सिग्नल हिरवा झाला. मागच्या ट्रकवाल्यानं एकदा भोंगा वाजवला, मग दुसऱ्यांदा. त्याच्या पुढच्या गाडीत तीन पिकली डोकी जवळ आणून, काचा खाली करून, तोंडानं घुरघुरत होती.

"थांबा," व्हर्लिन बोट वर करून म्हणाला. "रोली, तू जरा खालून धर. नोरीन, तू तसाच ठेव. हां. आता पुन्हा."